पाइपच तर आहे!

"पाइपच तर आहे!" अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. विषय फर्नेसचा असतो. म्हणजे बेसमेंटमधलं ते कपाटाएवढं यंत्र, ज्याच्या जिवावर मिनेसोटातला उणे पंचवीसचा जानेवारी आपण टी-शर्टात काढतो. जुनी फर्नेस गेलेली असते, तीन कोटेशनं आलेली असतात, आणि सगळ्यात महागवाल्याने 'व्हेंटिंग' म्हणून वेगळे पैसे लावलेले असतात. मग चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर निष्कर्ष निघतो: "एवढे पैसे कसले? पांढरा पीव्हीसी पाइप. कापायचा, चिकटवायचा, भिंतीतून बाहेर काढायचा. शनिवारी सकाळी आपणच उरकून टाकू. पाइपच तर आहे!"

माझं म्हणणं सरळ आहे. तो नुसता पाइप नाहीये, तो त्या घराचं धुराडं आहे. आणि त्याला नळाचा पाइप समजायला शिकवणारी अख्खी साखळी चुकतेय. नियम लिहिणारे, पाइप बनवणारे, फर्नेस बनवणारे, बसवणारे आणि घासाघीस करणारे आपण, सगळेच. या शनिवारी त्याच साखळीशी भांडायचा विचार आहे. ज्यांना फर्नेस म्हणजे काय हेच ठाऊक नाही अशा पुण्या-मुंबईकरांनीही वाचायला हरकत नाही. त्यांच्याही बाथरूमपर्यंत शेवटी येणारच आहे मी.

आधी थोडं विज्ञान. (बारावीला रसायनशास्त्रात किती मार्क होते ते विचारू नका.)

जुन्या पद्धतीची फर्नेस साधारण ८० टक्के कार्यक्षम. गॅस जाळला, त्यातली ८० टक्के उष्णता घरात, उरलेली धुराबरोबर आकाशात. धूर चांगलाच गरम, म्हणून त्याला धातूचं धुराडं लागतं. गरम धूर हलका, तो आपला आपण वर चढतो. त्यामुळे धुराड्याच्या आतला दाब घरातल्या दाबापेक्षा किंचित कमी असतो. याचा अर्थ असा की सांधा थोडा सैल राहिला तरी घरातली हवा धुराड्यात ओढली जाते, धूर सहसा घरात येत नाही. जुन्या लोकांच्या ढिसाळ कामाला निसर्गाने दिलेली ही माफी होती.

नवीन फर्नेस ९० टक्क्यांच्या वरची. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नियम जाहीर केला, की डिसेंबर २०२८ पासून बनणाऱ्या बहुतेक घरगुती गॅस फर्नेस किमान ९५ टक्के कार्यक्षम हव्यात. ही जादाची टक्केवारी येते कुठून? तर पाण्यातून. मिथेनचा एक किलो जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. जुन्या फर्नेसमध्ये ही वाफ तशीच निघून जायची. नवीन फर्नेसमध्ये दुसरा हीट एक्स्चेंजर असतो, तो धुराला इतका गार करतो की वाफेचं पाणी होतं आणि वाफेत दडलेली उष्णता घराला मिळते. हिशोब मांडायचा तर एक थर्म गॅस जाळला की साधारण सव्वाचार लिटर पाणी जन्माला येतं. सगळंच काही द्रव होत नाही, पण बरंच होतं. आणि हे पाणी पिण्याचं नव्हे. त्याचा पीएच साधारण ३ ते ४, म्हणजे संत्र्याच्या रसासारखं आंबट. साध्या जस्ताच्या पत्र्याला ते खाऊन टाकतं.

म्हणून प्लॅस्टिक. धूर आता इतका गार, साधारण ४० ते ६० अंश सेल्सिअस, की प्लॅस्टिक त्याला तोंड देऊ शकतं, आणि आम्लाने गंजत नाही. इथपर्यंत सगळं उत्तम. हा खरंच हुशार शोध आहे आणि मी त्याच्या विरोधात अजिबात नाही.

पण दोन गोष्टी बदलल्या, आणि त्या चहाच्या कपाबरोबर कुणी सांगत नाही. पहिली: गार धूर आपणहून वर चढत नाही. त्याला पंख्याने ढकलावं लागतं. म्हणजे पाइपच्या आतला दाब आता घरातल्या दाबापेक्षा जास्त. सांधा सैल राहिला तर आतलं बाहेर येणार, घरात. निसर्गाची माफी रद्द! दुसरी: त्या धुरात जर कार्बन मोनॉक्साइड असेल (फर्नेस नीट जळत असेल तर नगण्य असतो, बर्नर बिघडला, हवा कमी पडली, हीट एक्स्चेंजर तडकला की वाढतो) तर त्याला रंग नाही, वास नाही. पाण्याची लाइन गळली तर छतावर डाग पडतो आणि बायको दाखवते. कार्बन मोनॉक्साइडचा डाग पडत नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, आपण म्हणतो फ्लू आला वाटतं, आणि झोपायला जातो. अमेरिकेच्या सीडीसीच्या म्हणण्यानुसार आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेत, सगळी कारणं मिळून, दरवर्षी चारशेहून जास्त माणसं याने मरतात.

आता मुद्द्याचं. तो पांढरा पाइप आणा इकडे आणि त्यावर काय छापलंय ते वाचा. बहुतेक वेळा 'एएसटीएम डी १७८५' असं काहीतरी दिसेल. हे पीव्हीसी पाइपचं अमेरिकन मानक. पाण्याच्या दाबाला पाइप किती टिकतो, भिंत किती जाड, मापं काय, हे सगळं त्यात आहे. आणि त्याच मानकात एक टीप आहे, की ज्वलनाचे वायू बाहेर सोडण्यासाठी वापरायच्या पाइपच्या अटी यात समाविष्ट नाहीत. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर तो पाइप दुकानात उभा आहे, तो कागदच म्हणतो, धुराबद्दल मला विचारू नका.

बरं, पाइप कंपनीला विचारा. काही मोठ्या पाइप कंपन्या स्पष्ट सांगतात, की धुरासाठी आमचा साधा पाइप वापरू नका, त्यासाठी यूएल १७३८ या वेगळ्या मानकाचा पाइप घ्या. फर्नेस कंपनीला विचारा. तिच्या मॅन्युअलमध्ये बहुधा तक्ता असतो, त्यात डी १७८५ चा पीव्हीसी चालेल असं लिहिलेलं असतं. कोडला विचारा. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणचा गॅस कोड म्हणतो, फर्नेसच्या मॅन्युअलमध्ये काय दिलंय ते बघा. कंत्राटदाराला विचारा. तो म्हणतो, तीस वर्षं हेच लावतोय. आणि ज्याच्या बेडरूमखाली हे सगळं चाललंय, त्या घरमालकाला कुणीच काही विचारलेलं नसतं!

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल. दोन टीम, दोन मॉड्यूल. दोघांचेही युनिट टेस्ट हिरवे. एक म्हणते माझं आउटपुट असं असेल, दुसरी म्हणते तसलं इनपुट मी सपोर्टच करत नाही. इंटिग्रेशन टेस्ट कुणाच्या नावावर आहे असं मीटिंगमध्ये विचारलं की सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये बघायला लागतात. प्रॉडक्शनला गेल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. फरक इतकाच की इथे रोलबॅक नाही.

"पण लाखो घरांत हेच आहे, काय झालं?" हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. फर्नेस कंपन्यांचा युक्तिवादही मी ऐकलाय: आम्ही आमचं यंत्र याच पाइपसकट तपासून घेतो, धुराचं तापमान पीव्हीसीच्या ६० अंशांच्या मर्यादेत ठेवतो, आणि जास्त तापलं तर यंत्र बंद पडतं. मान्य. चांगल्या फर्नेसला, मॅन्युअलप्रमाणे लावलेल्या पीव्हीसीने वर्षानुवर्षं त्रास होत नाही, हे खरंच आहे. पण हा सगळा युक्तिवाद 'मॅन्युअलप्रमाणे लावलेल्या' या दोन शब्दांवर उभा आहे, आणि तिथे उभं राहायला कुणीच तयार नसतं.

शेजारी कॅनडात बघा. तीच थंडी, त्याच कंपन्यांच्या फर्नेस, आणि सीमा इथून गाडीने काही तासांवर. त्यांनी गॅस कोडच्या, म्हणजे बी १४९.१ च्या, २००५ च्या आवृत्तीत ठरवलं की प्लॅस्टिकचा व्हेंट असेल तर तो यूएलसी एस ६३६ या मानकाचाच हवा. प्रांतांनी पुढे ते आपापल्या वेळेने लागू केलं. त्यात पीव्हीसी ६५ अंशांपर्यंत, सीपीव्हीसी ९० पर्यंत, पॉलिप्रॉपिलीन ११० पर्यंत असे वर्ग आहेत. पाइपवर तसं छापलेलं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाइप, एल्बो, प्रायमर, सिमेंट, सगळं एकाच कंपनीच्या एकाच यंत्रणेतलं वापरायचं. इकडचा पाइप, तिकडचा एल्बो, कपाटात पडलेला डबा, असली भेळ चालत नाही. म्हणजे इंटिग्रेशन टेस्टला मालक मिळाला!

यावर एक शहाणा आक्षेप आहे, तो मीच सांगून टाकतो. खास धुरासाठी बनवलेला प्लॅस्टिक पाइपसुद्धा फसलेला आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने 'प्लेक्सव्हेंट' आणि 'अल्ट्राव्हेंट' या नावांचे पाइप परत घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला. जास्त तापमानाला टिकतील असे म्हणून विकलेले करडे-काळे पाइप. ते तडकत होते, सांध्यांत सुटत होते, कार्बन मोनॉक्साइड घरात येण्याचा धोका होता. साधारण अडीच लाख यंत्रणा घराघरांत बसलेल्या होत्या. "मग तुमच्या त्या शिक्क्याचा उपयोग काय?" असं कुणी विचारेल.

उपयोग हाच! त्या पाइपला नाव होतं. त्यावर छापलेलं होतं. म्हणून कुणाला तरी पकडता आलं, ते कुठे कुठे लावलेत हे लोकांना सांगता आलं, आणि कंपन्यांना ते फुकट बदलून द्यावे लागले. आता तुमच्या बेसमेंटमधला साधा पांढरा पाइप उद्या दगा देऊ लागला असं समजा. परत कोण घेणार? पाइपवाला म्हणेल मी तर आधीच नको म्हणालो होतो. फर्नेसवाला म्हणेल सांधे माझ्या मॅन्युअलप्रमाणे नव्हते. कंत्राटदाराचा फोन लागणार नाही. शिक्का काही देव नाही, पण शिक्का म्हणजे जबाबदारीचा पत्ता. आणि मला पत्त्याशिवाय धुराडं नको.

आता कापण्या-चिकटवण्याकडे येऊ, कारण 'शनिवारी सकाळी उरकू' वाल्यांचा खरा आत्मविश्वास तिथेच आहे.

कापणे. पाइप काटकोनात कापायचा असतो. अगदी काटकोनात. तिरका कापला तर एल्बोच्या खोबणीत एका बाजूला पाइप तळापर्यंत जातो, दुसऱ्या बाजूला जात नाही, आणि चिकटायला हवी ती जागा तिथे कमी पडते. म्हणून बारीक दातांची करवत आणि माइटर बॉक्स. कात्रीसारखा कटर वापरत असाल आणि पाइप रात्रभर गार गॅरेजमध्ये पडलेला असेल, तर त्याला केसाएवढी तडा जाऊ शकते. ती डोळ्यांना दिसत नाही, धुराला दिसते. कापल्यावर आतला-बाहेरचा सगळा कीस काढायचा आणि बाहेरची कड कानशीने थोडी तिरकी तासायची. का? कारण न तासलेली धारदार कड एल्बोत शिरताना सिमेंट खरवडून पुढे ढकलते. सांध्यावर कोरडा पट्टा राहतो, आणि आत सिमेंटचा ढीग जमतो, ज्याच्यामागे पाणी साठतं. एवढं सगळं पाच मिनिटांच्या आळसापायी.

चिकटवणे. मुळात हे चिकटवणं नव्हेच. सॉल्व्हंट सिमेंट म्हणजे फेविकॉल नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग मऊ करतं, विरघळवतं, आणि सुकताना दोन पाइपांचं प्लॅस्टिक एकमेकांत मिसळून एकच होतं. म्हणून आधी कोरडं बसवून बघायचं. पाइप खोबणीत एक तृतीयांश ते दोन तृतीयांश गेल्यावर घट्ट व्हायला हवा. सहज तळापर्यंत गेला तर माप सैल आहे. मग प्रायमर, मग दोन्हीकडे सिमेंट, ओलं असतानाच आत ढकलून पाव वेढा फिरवायचा आणि साधारण अर्धा मिनिट दाबून धरायचं. धरलं नाही तर खोबणीच्या निमुळत्या आकारामुळे पाइप हळूच मागे सरकतो. तुम्ही पुढच्या सांध्याला लागलेले असता, आणि मागचा चोरासारखा सुटलेला असतो.

प्रायमरचा रंग जांभळा का असतो, विचार केलाय? तपासणाऱ्याला दिसावा म्हणून. आंतरराष्ट्रीय फ्युएल गॅस कोड सांगतो की जिथे प्रायमर लागतो तिथे तो पाइपहून वेगळ्या रंगाचा हवा. पण जांभळे ओघळ कुरूप दिसतात! गिऱ्हाइकाला बेसमेंट कसं पांढरंशुभ्र आवडतं. म्हणून कुणी रंगहीन प्रायमर लावतं, कुणी लावतच नाही. म्हणजे कोड रिव्ह्यू नको म्हणून लॉगच बंद करून टाकायचे, तसला प्रकार.

ढाळ. आपल्या आंबट पाण्याला घरी परत यायचं असतं. त्यामुळे एक्झॉस्टचा पाइप फर्नेसकडे उतरता हवा, फुटाला पाव इंच. नळाचं काम करणाऱ्याच्या हाताला पाणी 'बाहेर' काढायची सवय असते, म्हणून तो नकळत उलटा ढाळ देतो. मागच्या हिवाळ्यात एका मित्राची फर्नेस ऐन थंडीत वारंवार बंद पडत होती. कंत्राटदार दोनदा येऊन सेन्सर बदलून, पैसे घेऊन गेला. मी नुसती पाणसळ धरली. मधल्या सहा फुटांत बुडबुडा सरळ उलट्या बाजूला. तिथे पाणी साठत होतं, धुराची वाट अडत होती, प्रेशर स्विच इमानदारीने फर्नेस बंद करत होता. म्हणजे त्या घरातला एकमेव प्रामाणिक कर्मचारी तो स्विच होता आणि त्यालाच दोनदा कामावरून काढून टाकलं!

आधार. पीव्हीसी तापला की लांबतो. दहा मीटरचा पाइप ४० अंशांनी तापला की दोन सेंटिमीटरहून जास्त वाढतो. फर्नेस चालू-बंद होते, पाइप लांबतो-आखडतो, हिवाळाभर, रोज कितीतरी वेळा. म्हणून दर काही फुटांवर हँगर हवा (किती फुटांवर ते मॅन्युअल सांगतं), पण तो पाइपला जखडून ठेवणारा नको, सरकू देणारा हवा. हँगर कमी पडले तर पाइप मध्ये झोळ खातो आणि ढाळाचं गणित कोलमडतं. हँगर आवळले तर सगळा ताण जातो कुठे? सांध्यावर. म्हणजे पुन्हा तिथेच.

शेवटी बाहेरचं तोंड. ते अपेक्षित बर्फाच्या पातळीच्या किमान फूटभर वर हवं, खिडक्या-दारांपासून लांब हवं, आणि बाहेर पडलेला धूर हवा आत घेणाऱ्या पाइपात परत शिरणार नाही असं हवं. जुलैमध्ये भिंतीला भोक पाडताना जानेवारीचा बर्फ आठवणं हे कौशल्य आहे, आणि ते यूट्यूबच्या नऊ मिनिटांच्या व्हिडिओत येत नाही.

मोजा आता. एक्झॉस्टला सहा एल्बो आणि दोन कपलिंग म्हणजे सोळा सांधे. प्रत्येक सांध्याला कापणं, तासणं, कोरडं बसवणं, प्रायमर, सिमेंट, फिरवणं, धरणं. शंभराहून जास्त छोटी कामं, आणि त्यातलं कुठलंही चुकलं तरी बाहेरून पाइप तसाच पांढरा, तसाच सरळ दिसतो. याला तुम्ही 'पाइपच तर आहे' म्हणता?

एक गोष्ट ठासून सांगतो. मी स्वतः काम करण्याच्या विरोधात नाही. आपण मराठी मध्यमवर्गीय मुलं, घरात इलेक्ट्रिशियन आला की लांब उभं राहून बघणारी. हातात करवत धरायला अमेरिकेत येऊन शिकलो याचा मला आनंदच आहे. भिंती रंगवा, डेक बांधा, नळ बदला. नळ गळला तर फरशी भिजेल. पण ज्या कामातली चूक झोपेत समजते, किंवा समजतच नाही, त्या कामाची परीक्षा स्वतःच घेऊन स्वतःच पास होऊ नका. परमिट काढा, तपासणी करून घ्या.

आणि हो, परमिट. इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचंय. तीन कोटेशनं मागवायची, सगळ्यात स्वस्त उचलायचं, आणि वर विचारायचं, "परमिट काढलं नाही तर अजून किती कमी होईल?" तो बिचारा (किंवा बिलंदर) कमी करतो. कुठून करतो? फर्नेसची किंमत त्याच्या हातात नाही. हातात आहे ते वीस वर्षांचा जुना पाइप तसाच ठेवून नव्या फर्नेसला कपलिंगने जोडणं. हातात आहे ते आतून फेसाळ भरावाचा हलका पाइप लावणं, जो बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो आणि जो काही मॅन्युअलांत चालतो, काहींत नाही. हातात आहे ते अर्धा मिनिट सांधा धरून न ठेवणं. आपण ज्याला घासाघीस म्हणतो, तो त्याच्यासाठी त्या अर्ध्या मिनिटांचा हिशोब असतो. आपल्या प्रोजेक्टला क्लायंटने टेस्टिंगचे दिवस कापून डेडलाइन तीच ठेवली की आपण कँटीनमध्ये बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तोच क्लायंट शनिवारी आपल्या बेसमेंटमध्ये आपण असतो.

"अलार्म आहे ना!" हेही ऐकतो. असायलाच हवा. मिनेसोटात कायद्यानेच प्रत्येक बेडरूमपासून दहा फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतो. पण त्याचं मानक, यूएल २०३४, बघा: ७० पीपीएमला त्याने एक ते चार तासांच्या आत वाजायचंय. चार तास! तो तुम्हाला मरू देऊ नये म्हणून बनवलाय, डोकेदुखी टाळण्यासाठी नव्हे. अलार्म म्हणजे शेवटचा कॅच ब्लॉक. त्याच्या भरवशावर आतला कोड कसाही लिहायचा नसतो.

आता पुण्या-मुंबईकर मंडळी. लांबून हसू नका. तुमच्याकडे फर्नेस नाही, पण बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. दर हिवाळ्यात पेपरात बातमी येते, बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू. तीच ज्योत, तोच वायू, आणि धुराला बाहेर न्यायला कित्येक ठिकाणी पाइपच नाही. वरून थंडी वाजते म्हणून खिडकी बंद. आणि बसवून जाणारा म्हणतो, "काही होत नाही साहेब, सगळ्यांकडे असंच आहे." भाषा बदलली, वाक्य तेच. गीझर बाथरूमच्या बाहेर लावा, नाहीतर त्याच्या धुराला बाहेरची वाट द्या. तिसरा पर्याय नाही.

तर माझी मागणी काय? पहिली, नियम करणाऱ्यांकडे. कॅनडाने केलं ते करा. धुराचा प्लॅस्टिक पाइप हा धुराच्या मानकाचाच हवा, पाइपपासून सिमेंटपर्यंत एका नावाखाली. पैसे जास्त लागतील, लागू देत. दोन-तीन हजार चौरस फुटांच्या घरात ग्रॅनाइटच्या ओट्यापुढे ती रक्कम कुणाला दिसणारही नाही.

दुसरी, तोवर, आपल्याकडे. कंत्राटदाराला पाच प्रश्न विचारा. या मॉडेलच्या मॅन्युअलमधला व्हेंटचा तक्ता दाखवशील का? जो पाइप लावणार तो त्या तक्त्यात आहे का, आणि त्याची लांबी अधिक एल्बो त्यात बसतात का? जुना पाइप ठेवणार की नवा? प्रायमर रंगीत असेल ना? परमिट तुझ्या नावावर ना? पाचही उत्तरं सरळ देणारा माणूस कदाचित सगळ्यात महाग असेल. त्यालाच काम द्या. आणि या पाचांपैकी एकावर जरी तो हसून "अहो, पाइपच तर आहे" अशा अर्थाचं काही म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि दार दाखवा.

मी अतिशयोक्ती करतोय असं वाटत असेल तर वाद घालायला माझी ना नाही. फक्त त्याआधी टॉर्च आणि पाणसळ घेऊन खाली बेसमेंटमध्ये जा. पाइपवर काय छापलंय ते वाचा, ढाळ बघा, सांध्यांवर जांभळा रंग आहे का बघा, कुठे पाण्याचे सुकलेले ओघळ आहेत का बघा. वीस मिनिटांचं काम आहे. सगळं ठीक निघालं तर मला खुशाल शिव्या द्या; त्या रात्री तुम्ही झोपाल निर्धास्त, आणि सकाळी उठाल.